ऐकण्याच्या वाटेवरचे तीन डबे

हौशी रेडिओचालकांची सायंसभा जिल्ह्यात गेली एकोणीस वर्षे सव्वासाताच्या ठोक्याला भरत आली होती, आणि तिचे सूत्रसंचालन पहिल्या दिवसापासून अमृतरावांकडे होते. ह्या सभेला मंडप लागत नसे की सतरंजी लागत नसे. ज्याने त्याने आपापल्या घरी संच लावून बसायचे, अमृतराव नाव पुकारतील तेव्हा बटण दाबून चार वाक्ये बोलायची आणि बटण सोडून इतरांचे ऐकायचे, एवढाच तिचा विधी. साखरा गावचा माणूस हट्टा गावच्या माणसाशी बोले तो रिपीटरच्या आधाराने. दुरून आलेला दुबळा आवाज हा रिपीटर ऐके आणि त्याच क्षणी थोरल्या शक्तीने साऱ्या जिल्ह्याला ऐकवी. दूरध्वनी खात्यात हयात घालवून निवृत्त झालेले अमृतराव ह्या यंत्राला लेकरासारखे जपत. माघात ते हिंगोलीतील जुन्या इमारतीवरून औंढ्याजवळच्या टेकडीवर हलवले, तेव्हा त्याचे सारे जुळवणे त्यांनी एकट्याने, आपल्या हातांनी केले होते.

त्यानंतर पंधरवड्याने सभेत एक उपद्रव सुरू झाला. कुणाचे बोलणे संपून क्षणभर शांतता पडली, की टक, टक, टक असा आवाज येई. रिपीटर उघडे, म्हणजे बोलू लागे, लगेच मिटे, पुन्हा उघडे. त्यात शब्द नसे, नाव नसे. कोणीतरी रिकामे बटण दाबून खेळत आहे, असे सर्वांनी ठरवून टाकले. अमृतरावांनी दोन दिवस सोसले आणि तिसऱ्या दिवशी आपल्या कोरीव मराठीत सुनावले, "जो कोणी हा पोरखेळ करीत आहे, त्याने निदान आपल्या परवान्याची लाज बाळगावी." टकटक चालूच राहिली. आठव्या दिवशी त्यांचा संयम सुटला. "ज्याला बोलायचे नाही त्याने आपला संच बंद करून पेटीत ठेवावा. ह्या सभेला त्याची गरज नाही."

दुसऱ्या दिवसापासून टकटक थांबली.

"काका, तुमच्या जिभेला काय धार हाय बरं!" हट्ट्याच्या ज्योतीताई सभेतच म्हणाल्या. अमृतरावांनी वरवर फक्त पुढचे नाव पुकारले, पण त्या रात्री त्यांना भाकरी चवीची लागली.

चैत्र उजाडला. एके दिवशी सकाळी त्यांचा फोन वाजला. कुरुंद्याहून शालूबाई बोलत होत्या.

शालूबाई म्हणजे उत्तमरावांच्या पत्नी, आणि उत्तमराव म्हणजे अमृतरावांचे साठ वर्षांचे मित्र. हट्ट्याच्या शाळेत दोघे एका बाकावर बसले. पुढे एकाने गावोगाव तारा ओढल्या, दुसऱ्याने कुरुंद्यात हळद लावली. चाळिशीत अमृतरावांनीच मित्राला परीक्षेला बसवून परवाना मिळवून दिला. सायंसभेत 'राम राम' ही पहिली हाक उत्तमरावांची आणि 'जय भीम' हे पहिले उत्तर अमृतरावांचे, हा क्रम वर्षानुवर्षे मोडला नव्हता. तो मोडला पौषात. उत्तमराव गोठ्यामागे पाय घसरून पडले, खुब्याचे हाड मोडले, नांदेडला शस्त्रक्रिया झाली. अमृतराव दोनदा इस्पितळात जाऊन आले. मित्र घरी परतल्यावर त्यांनी फोनही केले, पण पलीकडून "बरं हाय" एवढेच येई आणि फोन ठेवला जाई. दुखणाईत माणसाचे मन उडाले असेल, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती.

"भाऊजी," शालूबाईंनी विचारले, "तुमी रेडिओवर रोज कोणाला शिव्या देत होते?"

"वहिनी, म्या कधी शिवी दिली?"

"'परवान्याची लाज बाळगा' म्हंजे काय आरती हाय का?"

अमृतराव हसले. "ते व्हय! ते एक वात्रट माणूस होतं. बटण दाबून खेळून राहिलं होतं."

"ते वात्रट माणूस माझ्या वसरीत खाटेवर पडलेलं हाय," शालूबाई म्हणाल्या. "वरच्या खोलीतला मोठा संच त्यायच्या हाती लागत न्हाई, जिना चढता येत न्हाई. म्हून तो हातातला बारका घेऊन बसायचे. रोज सव्वासातला. सगळ्यांचं ऐकू यायचं. हे बोलायचे, अन् तुमी वरून झापायचे. त्या दिशी तुमी पेटीत ठेवा म्हणला. ह्यायनी मला हाक मारली, माझ्या हातानं तो संच ट्रंकंत ठेवायला लावला. तवापासून धड जेवत न्हाईत. म्या आज त्यायला न विचारता फोन केला. काहून असं केलं तुमी?"

"वहिनी, मी पाहतो," अमृतराव म्हणाले आणि फोन ठेवून संचापाशी जाऊन बसले.

टकटकीचा अर्थ आता त्यांना दिवसाउजेडी दिसत होता. उत्तमरावांचा क्षीण आवाज रिपीटरपर्यंत पोचत होता, म्हणूनच रिपीटर उघडत होता. पण उघडून तो बोलू लागताच त्याच्याच आवाजाने त्याचे कान भरत होते. मित्राचा आवाज त्यात बुडे, रिपीटर गप्प होई, गप्प होताच त्याला तो पुन्हा ऐकू येई आणि तो पुन्हा बोलू लागे. जवळच्यांचे आवाज सशक्त होते, त्यांना काही जाणवले नाही. जो सर्वांत दुबळा होता, त्याच्याच वाट्याला हे बहिरेपण आले.

हे घडू नये ह्यासाठीच डुप्लेक्सर असतो. रिपीटरला अँटेना एकच. तिनेच बोलायचे आणि त्याच वेळी तिनेच ऐकायचे. म्हणून मध्ये सहा डबे बसवतात, मांडीएवढे उंच, आतून चकचकीत. तीन बोलण्याच्या वाटेवर, तीन ऐकण्याच्या वाटेवर. ऐकण्याच्या वाटेवरचे डबे नीट जुळले असतील तर रिपीटरचा स्वतःचा गलका तेथेच अडतो आणि दुरून आलेला शब्द तेवढा आत जातो. हे जुळवणे अमृतरावांनीच केले होते, आणि 'उत्तम झाले' असे सभेत सांगितलेही होते.

त्यांची मुलगी करुणा वसमतच्या महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवी. सुट्टीनिमित्त ती घरीच होती. सारे ऐकून तिने एकच प्रश्न केला.

"बाबा, माघात तुम्ही डबे जुळवले ते मी आणून दिलेल्या यंत्रावर ना? त्या छोट्या पडद्याच्या?"

"व्हय. गलका दाखवणारी रेघ पार तळाला गेली होती. मी स्वतः पाहिलं."

"तळाला गेल्यावर थरथरत होती?"

अमृतरावांनी डोळे मिटून आठवले. "थरथरत होती."

"मग तो डब्यांचा तळ नव्हता. ते यंत्र तेवढंच खोल मोजू शकतं, त्याखालचं त्याला दिसतच नाही. मी तुम्हाला तेव्हाच सांगायला हवं होतं."

"म्हणजे पोहऱ्याचा दोर संपला अन् मी समजलो विहिरीचा तळ लागला," अमृतराव म्हणाले. "चूक तुझी न्हाई, बाई. एकोणीस वर्षांपूर्वी आमी हेच डबे कानानं जुळवले होते. मी पाना धरला होता, अन् तिकडं कुरुंद्यातून दुबळ्यात दुबळ्या संचावर उत्तमा बोलत होता. ह्या वेळी मला वाटलं, यंत्र हाताशी असताना कशाला कुणाला तकलीफ द्यायची."

करुणाने महाविद्यालयातील संकेतजनक आणण्याची तयारी दाखवली. त्यातून हवा तसा क्षीण आवाज काढता आला असता. अमृतरावांनी मान हलवली.

"ज्याचं ऐकू येत न्हाई, त्याच्याच आवाजावर जुळवायचं," ते म्हणाले. "दुसऱ्या कशानं माझं समाधान होणार न्हाई."

दुपारी तीनच्या सुमारास बापलेक टेकडीवर पोचले. पाण्याच्या टाकीशेजारच्या सिमेंटच्या खोलीत रिपीटर होता. दार उघडताच कोंडलेली धग अंगावर आली. खाली दूरवर करडई कापून मोकळी झालेली राने पिवळी पडली होती. करुणाने पंखा लावला, हत्यारे मांडली. अमृतरावांनी पायरीवर बसून कुरुंद्याला फोन लावला. शालूबाईंनी उचलला.

"वहिनी, त्याला फोन द्या."

फोनच्या आड कुजबूज झाली. मग शालूबाई परत आल्या. "ते म्हनून राहिले, संच पेटीत ठेवा असा वरून हुकूम हाय. हुकूम मोडता येत न्हाई."

"हुकूम देणारा चुकला म्हणावं."

पुन्हा कुजबूज. "ते म्हनतेत, तसं लिहून पाठवा. दोन प्रतीत."

अमृतरावांच्या ओठांवर नकळत हसू आले. टोमणा मारण्याइतका मित्र जिवंत होता. "त्याला म्हणावं, डबे मीच बिघडवले. त्याचा आवाज रिपीटरनंच गिळला. आता तो बोलल्याबगर ते मला दुरुस्त करता येत न्हाईत. दुसऱ्या कोणाच्या आवाजानं होण्यासारखं काम न्हाई."

पलीकडे ट्रंकेचे झाकण वाजले आणि खुद्द उत्तमरावांचा खरबरीत स्वर आला.

"काय बोलू?"

"काई बी बोल. बटण दाबून ठेव अन् बोलत राह्य. पाच मिनिटं. मंग दम घे, मंग पुन्हा पाच मिनिटं."

"बोललेलं तुला समजंल का?"

"आत्ता तरी न्हाई. नुसती खरखर येईल."

"मंग ठीक हाय," उत्तमराव म्हणाले. "तुला समजत न्हाई ना, मंग बोलायला काही हरकत न्हाई."

अमृतरावांनी हेडफोन कानावर चढवला. रिपीटरचा ऐकण्याचा भाग थेट हेडफोनला जोडला होता. बोलण्याचा भाग गलक्यापुरता चालू होता, त्यातून शब्द बाहेर जात नव्हता. म्हणजे उत्तमरावांचे बोलणे ह्या घटकेला जगात फक्त एका माणसाच्या कानी पडू शकत होते, आणि त्याच्या कानात चुलीवर मुरमुरे फुटावेत तशी खरखर भरली होती. त्या खरखरीच्या तळाशी कुठेतरी एक लय होती. शब्द नव्हते, पण माणूस होता.

त्यांनी ऐकण्याच्या वाटेवरच्या पहिल्या डब्याचा नट सैल केला आणि जुळवणीची दांडी केसभर फिरवली. खरखर वाढली. उलट फिरवली. खरखर थोडी बसली. आणखी थोडी. मग एक जागा अशी आली की तिच्या अलीकडे आणि पलीकडे, दोन्हीकडे खरखर चढे. तेथे त्यांनी हात थांबवला. अशी जागा बोटांना आधी कळते आणि कानांना मागाहून, असा त्यांचा जुना अनुभव होता. नट आवळताना दांडी जराशी सरकते हेही त्यांना ठाऊक होते, म्हणून ती सरकण्याइतकी मागे ठेवून मगच त्यांनी पाना दाबला.

खरखरीतून पहिले शब्द वर आले.

"...बालाजीनं कढई मांडली. हळद शिजून राहिली. माझं पोरगं हाय, पण धूर सगळा माझ्याच वसरीत सोडतंय. पडल्या पडल्या मीच शिजून राहिलो..."

पाच मिनिटे झाली. बटण सुटले. फोन वाजला.

"काही येतं का?"

"थोडं येतं. हळदीचं समजलं."

"बरं," उत्तमराव म्हणाले आणि पुन्हा बटण दाबले.

दुसरा डबा हट्टी निघाला. त्याची जागा सापडे आणि नट आवळताना हरवे. घाम अमृतरावांच्या भुवयांवरून ओघळून डोळ्यांत जात होता. करुणा तो पदराने टिपत होती. चौथ्या खेपेला दांडी जागच्या जागी राहिली, आणि शेजारच्या खोलीतून यावा तसा मित्राचा आवाज येऊ लागला.

"...गाढव हायेस तू, अमृता. सत्तर वर्षाचं शिकलेलं गाढव. एवढी वर्षं माझा आवाज ऐकला, अन् माझं बटण तुला ओळखू आलं न्हाई? म्या कधी रिकामं बटण दाबलंय का? ज्योतीताईला हसू येत होतं. येऊ दे. तिला काय ठाव. तुला तर ठाव होतं मी घरी आलोय..."

अमृतरावांनी मान खाली घातली. त्यांना मित्राला थांबवायचे होते. 'मला आता सगळे ऐकू येते' असे सांगणे हा धर्म होता. पण बटण दाबलेल्या माणसाला दुसऱ्याचे ऐकू येत नाही. तो ते सोडेपर्यंत वाट पाहण्यावाचून उपाय नव्हता. त्यांनी फोन लावून पाहिला. तो बहुधा उशीखाली होता, वाजतच राहिला. तिसरा डबा राहिला होता. त्यांनी त्याला हात घातला.

"...तुला एक सांगतो. तुला समजत न्हाई तवर सांगतो. पडलो ना त्या दिशी, लोक म्हनतेत लगेच उचललं. लगेच न्हाई. शालू बाजाराला गेली होती. बालाजी रानात. तीन तास मी गोठ्यामागं पडून होतो. हाका मारल्या. आवाज बसंस्तोवर हाका मारल्या. रस्त्यानं माणसं जात होती, मला त्यांचं बोलणं बराबर ऐकू येत होतं. कोण कोणाच्या सोयरिकीचं बोलून राहिलंय, ते सुद्धा. त्यांना माझं न्हाई. मंग घरी आलो. म्हणलं, चला, सव्वासातला आपली माणसं हायेत. बटण दाबलं, अन् तिथं बी तेच. सगळ्यांचं मला ऐकू येतंय, अन् माझं कोणालाच न्हाई. मला वाटलं, अमृता, का मी तिकडंच राह्यलो..."

"बाबा, झालं का?" करुणाने विचारले. "मी ऐकू?"

अमृतरावांनी हेडफोनवर तळहात ठेवला आणि नकार दर्शवला. हे ऐकणे दुसऱ्या कुणाचे नव्हते. त्यांचा पाना नटावर होता, पण हात हलत नव्हता. मग जे आपल्या हाती आहे ते आपण नीट केले पाहिजे, एवढाच विचार त्यांच्या मनात उरला. त्यांनी दांडी फिरवली, इतकी अल्प की पाहणाऱ्याला ती फिरली असे वाटलेही नसते. उरलीसुरली खरखर विरली. उत्तमरावांच्या श्वासाचा आवाज येऊ लागला. त्यांच्यामागे कुठेतरी शालूबाई कुणाला तरी चहा टाकायला सांगत होत्या. अमृतरावांनी नट आवळला. श्वास तसाच स्वच्छ राहिला.

बटण सुटले. अमृतरावांनी तारा पूर्ववत जोडल्या, रिपीटर कामाला लावला आणि स्वतःचा संच तोंडाशी धरला.

"उत्तमा."

पलीकडून उत्तर आले, ह्या खेपेला टेकडीवरून फिरून, ठसठशीत. "बोल."

"झालं. स्वच्छ येतं."

"कधीपासून?"

खोटे सांगणे सोपे होते. "दुसऱ्या डब्यापासून," अमृतराव म्हणाले. "तुला थांबवावं म्हणून फोन केला, तू उचलला न्हाई."

करुणा दाराशी उभी राहून बाहेर पाहत होती.

"म्हंजे गाढव म्हणलेलं बी?"

"ते तर चांगलंच ऐकू आलं."

"अन् पुढचं?"

"पुढचं बी." अमृतरावांनी बटण सोडले नाही. शब्द जुळवायला त्यांना वेळ लागत होता. "उत्तमा, मला टकटक ऐकू येत होती. मी ऐकली अन् ती तुझी हाय हे पाहिलं न्हाई. डबे बिघडले ते एक झालं. पण ते डब्यांनी म्हणलं न्हाई, पेटीत ठेव म्हणून. ते मी म्हणलं."

"व्हय. तू म्हणला," उत्तमराव म्हणाले. थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा बटण दाबले. "तिथं लई ऊन हाय का?"

"भट्टी हाय."

"मंग पाणी पी. सभेला बसायचं हाय. उगंच पडशील अन् मला उठून यावं लागंल."

घरी परतायला वेळ होता, पण अमृतराव खाली उतरले नाहीत. सव्वासाताला त्यांनी टेकडीवरूनच सभा उघडली. नेहमीचे स्वागत झाल्यावर ते म्हणाले, "आरंभी एक निवेदन. फाल्गुनात ह्या सभेत जी टकटक येत होती ती कुणाची खोडी नव्हती. रिपीटरचा डुप्लेक्सर चुकीचा जुळला होता आणि तो मी जुळवला होता. त्यामुळे आपल्यातील एका ज्येष्ठ सभासदाचा आवाज आपल्यापर्यंत पोचला नाही. त्या सभासदाला उद्देशून मी जे अपशब्द ह्या जागेवरून उच्चारले, ते ह्याच जागेवरून मागे घेतो आणि सर्वांसमक्ष क्षमा मागतो. आजपासून सभेत पहिली हाक दुबळ्या संकेताची. ज्यांचा संच लहान आहे, जे दूर आहेत, त्यांनी आधी यावे. बाकीच्यांनी थांबावे."

ज्योतीताईंचा स्वर आला, "काका, मी बी हसले होते. माझी बी माफी नोंदवून घ्या." आणि त्या लगेच बाजूला झाल्या.

मग रिपीटर उघडला, आणि उघडाच राहिला.

"कुरुंद्याहून उत्तमराव बोलतोय. सर्वांना राम राम." आवाज धीमा होता, सभेतला, बेताने टाकलेल्या पावलांसारखा. "माफी पोचली. प्रकृती सुधारत आहे. आज सूत्रसंचालकांकडे मी जरा अधिक वेळ मागतो. मला एक हकीकत सांगायची आहे. ती आज दुपारी एकदा सांगून झाली आहे, पण ती सांगताना कुणी ऐकतंय हे मला माहीत नव्हतं. आता माहीत असताना सांगतो."

"जय भीम, उत्तमराव," अमृतराव म्हणाले. "वेळ आपलाच आहे. आम्ही सगळे ऐकतो आहोत."

त्यांनी संच गुडघ्यावर ठेवला आणि बटणावरून हात काढून घेतला. खोलीत धग अजून होती. करुणा येऊन त्यांच्याशेजारी पायरीवर बसली.

"पौषातली गोष्ट आहे," उत्तमराव सांगू लागले. "त्या दिवशी घरात कोणी नव्हतं, आणि मी वासराला पाहायला गोठ्यामागं गेलो..."